कारध्याच्या पुलावर दोन विमाने

मित्रांनो, मी एक जुने शिकाऊ विमान आहे. दोनच खुर्च्या, एकच इंजिन. वैनगंगेजवळच्या छोट्या धावपट्टीवर मी ट्रकमधून, तुकड्यांतुकड्यांनी आलो. माझे पंख इथेच जोडले गेले. कितीतरी मुलेमुली माझ्यात बसून उडायला शिकली. "हे विमान गरीब आहे, शिकणाऱ्याला सांभाळून घेते," असे शिक्षक म्हणत, तेव्हा मला बरे वाटे.

पुढे नवी विमाने आली आणि माझ्याकडे दुर्लक्ष होऊ लागले. माझा रेडिओ खरखरू लागला. कोणी तक्रार केली की मेकॅनिक कैलाश म्हणे, "ऐकू येते ना? मंग चालू द्या."

त्या दिवशी उडायला शिकणारी गुंजन मला घेऊन एकटीच निघाली. करडी गावच्या सेवकराम नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी. टॉवरवर हर्षाताई होती. कोणत्या विमानाने किती उंचीवर राहायचे, हे ती रेडिओवरून सांगत असे. ते बोलणे इंग्रजीत चाले. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"दोन हजार फुटांवरच राहा. समोरून मोठे विमान येत आहे, ते तीन हजारांवर आहे."

माझ्या रेडिओत खर्र झाले. गुंजनला फक्त "तीन हजार" ऐकू आले.

"तीन हजारांवर जाते," ती म्हणाली. नेमका त्याच क्षणी मोठ्या विमानाचा वैमानिक भोजराजही बोलला. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. गुंजनची चूक हर्षाताईच्या कानावर गेलीच नाही.

गुंजनने माझे नाक वर उचलले. मी चढत राहिलो. खाली धानाची रोवणी झालेल्या शेतांतले पाणी चमकत होते. वैनगंगेवरचा कारध्याचा पूल जवळ येत होता. तेवढ्यात समोरच्या काचेत एक पांढरा ठिपका दिसला. तो डावीकडे सरकेना, उजवीकडेही सरकेना. नुसता मोठा होत गेला. मित्रांनो, आकाशात असे दिसले की समजावे, ते थेट आपल्या अंगावर येत आहे.

"गुंजन, उंची सांग. गुंजन!" गुंजनचे उत्तर आलेच नाही हे ध्यानात येऊन टॉवरमधून हर्षाताई हाका मारत होती, हे मला नंतर कळले. आम्हाला नुसती खरखर ऐकू येत होती. मग ती मोठ्या विमानाला ओरडून म्हणाली, "उजवीकडे वळा! वर चढा!"

त्याच वेळी गुंजननेही मला उजवीकडे झोकून नाक खाली दाबले. माझे सारे अंग कण्हले. ते विमान इतक्या जवळून गेले की त्याच्या पोटावरचे तेलाचे ओघळ मला दिसले. त्याच्या वाऱ्याने मी पानासारखा हेलकावलो. गुंजनने दोन्ही हातांनी मला सावरले.

आम्ही उतरलो, तरी ती खुर्चीतून उठेना. टॉवर दुसऱ्याच्या हाती देऊन हर्षाताई धावत आली.

"माय वं, मले वाटलं तू गेलीस!"

"ताई, तुमीच तं तीन हजार म्हणलं."

"मी दोन हजार सांगतलं होतं. पण तुझं उत्तर मले ऐकू नाही आलं, अन् मी लगेच पुन्हा विचारलं नाही."

एव्हाना भोजराजही उतरून आला होता. घामाने चिंब झाला होता. "कोणाले काही झालं नाही ना? मंग कायले वर सांगता? पोरीचं उडणं बंद करतीन."

गुंजनचा चेहरा उतरला. उडण्यापलीकडे तिला दुसरे काही नको होते. तरी ती म्हणाली, "होऊ द्या बंद. उद्या या विमानात दुसरं कोणी बसन."

तिने वरिष्ठांना सारे सांगितले. चौकशी सुरू झाली. तिचे उडणे थांबले, हर्षाताईलाही टॉवरवरून उतरवले. कैलाशने माझा रेडिओ उघडला. आत एक तार सुटत आली होती. ती त्याने स्वतःच चौकशी करणाऱ्यांना दाखवली.

"गेलं का तुझं विमान?" तिला न्यायला धावपट्टीवर आलेल्या सेवकरामने लेकीला विचारले.

"माहीत नाही, बाबा. पण लपवून उडली असती, तं मले झोप नसती आली."

चौकशी संपल्यावर गुंजनला पुन्हा उडू दिले, हर्षाताईलाही टॉवरवर परत घेतले. मला नवा रेडिओ मिळाला.

मित्रांनो, यंत्र मोडण्याआधी कुरकुरत असते. ते ऐकून घ्या. आणि समोरच्याचे बोलणे नीट कळले नाही, तर पुन्हा विचारायला लाजू नका. त्या दिवशी आम्ही वाचलो. दर वेळी निसटायला तेवढी जागा उरतेच असे नाही.