बायकांची बाजू

नाशिकरोडच्या त्या जुन्या देवळात डावीकडे बायका बसत आणि उजवीकडे पुरुष. माणसं ख्रिस्ती, पण चर्चला देऊळ म्हणायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हा डाव्या-उजव्याचा नियम कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायची कोणाची छातीही होत नव्हती. सुलाबाई आणि शांतवन पगारे यांनी लग्नानंतरची छत्तीस वर्षं दर रविवारी तशीच काढली. घरून बरोबर निघायचं, दारात चपला काढायच्या आणि परक्यांसारखं दोन बाजूंना जायचं. सुलाबाईंच्या शेजारी कायम त्यांची मैत्रीण विमलाबाई.

देऊळ गळायला लागलं तेव्हा पंचकमिटीने नवं बांधायचं ठरवलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून नुकतेच निवृत्त झालेले शांतवन कमिटीवर होते. बाकीचे मनोरा किती उंच आणि फरशी कोणती यावर भांडत, या गृहस्थांचं आपलं एकच टुमणं, की कुटुंबं एकत्र बसू द्या.

"घरात एका ताटात जेवतो आणि देवासमोर आलो की एकमेकांना ओळखत नाही. हे कसलं देवाचं घर?"

कमिटी आधी हसली, मग कंटाळली आणि शेवटी हो म्हणाली.

सुलाबाईंना मात्र हे ऐकून घामच फुटला. "अहो, साठीला आलो आपण. लोक काय म्हणतील? विमलाबाई तर वर्षभर चिडवत बसतील."

"चिडवू दे. मला एकदा तुझ्या शेजारी बसून प्रार्थना करायचीय."

नवरा असं सरळ बोलायला लागला की बाईची पंचाईत होते. त्या खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या.

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात नव्या देवळाचं समर्पण झालं. शांतवन लवकर जाऊन तिसऱ्या बाकावर बसले आणि शेजारी रुमाल टाकून त्यांनी जागा धरली. सुलाबाई आत आल्या. त्यांना तो रुमाल दिसला, नवऱ्याचं वळून पाहणंही दिसलं. तेवढ्यात विमलाबाईंनी डावीकडून हात केला आणि सुलाबाईंचे पाय सवयीने तिकडेच वळले. खरं तर तरुण जोडपी लेकरांना घेऊन खुशाल एकत्र बसली होती, कोणी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. मागे माणसं उभी होती, तरी शांतवननी ती जागा कोणाला दिली नाही. दोन तास ते तसेच एकटे बसले.

घरी आल्यावर ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. रागावले असते तर भांडण होऊन मिटलं असतं.

"नाताळला बसेन, नक्की," सुलाबाई म्हणाल्या.

"बघ हं, शब्द दिलास," म्हणून ते जेवायला बसले.

नाताळला दहा दिवस असताना सकाळी दाढी करता करता शांतवन कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शवपेटी नव्या देवळात आणून वेदीसमोर ठेवली. पाळकसाहेबांनी घरच्यांना पहिल्या बाकावर बसायला सांगितलं. सुलाबाई तिथे गेल्या नाहीत. भिंतीकडची एक खुर्ची त्यांनी स्वतः ओढत आणली, पेटीला अगदी लागून ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

मुलगा प्रफुल्ल उठून जवळ आला. "आई, इथे नको. बाकावर चल."

"बसू दे रे. त्यांच्या शेजारी बसायचं कबूल केलंय मी."

प्रफुल्ल बाकावर परत जाऊन बसला. डावीकडे विमलाबाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या. सुलाबाईंच्या मनात एकच चाललं होतं. त्या दिवशी फार तर दहा पावलं टाकायची होती, आणि ज्यांचं लक्षही नव्हतं त्या लोकांच्या भीतीने आपण ती टाकली नाहीत. त्यांनी पेटीच्या कडेवर हात ठेवला. लाकूड गार होतं.

गीत झालं, वचन वाचून झालं. शेवटच्या प्रार्थनेसाठी पाळकसाहेबांनी उभं राहायला सांगितलं. बाया, पुरुष, लेकरं, सगळी मंडळी उठली. सुलाबाई बसून राहिल्या.