राघोचा टाका

राघोने आधी दाराकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि पिशवीतून मुठीएवढा स्टीलचा डबा काढून ट्रकच्या चेसिसच्या उघड्या चॅनलमध्ये हळूच सरकवला. वर लोखंडाची पत्ती ठेवली, तोंडासमोर काच धरली आणि वेल्डिंग सुरू केलं. धम्मपाल चहाला गेलाय असं त्याला वाटलं होतं. धम्मपाल तर ट्रकच्या केबिनमध्येच बसून वायरी ओढत होता, आणि मागच्या खिडकीतून त्याने हे सगळं पाहिलं.

ठिणग्या थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.

मानकोली नाक्याच्या अलीकडचं हे गॅरेज धम्मपालचं. राघो त्याच्याकडे अकरा वर्षं वेल्डर. दोन महिन्यांपूर्वी दर्शन नावाचा ठाण्याचा एक हौशी तरुण मोबाईलवर फोटो घेऊन आला होता. जुन्या नाकवाल्या ट्रकची केबिन, तिला खाली बसवून जमिनीला टेकायला आलेली, इंजिन उघडं, मागचे टायर हे एवढाले. याला हॉट रॉड म्हणतात म्हणे. माल वाहायचा नाही, रस्त्यावर पळायचं नाही, प्रदर्शनात उभं राहून भाव खायचा! धम्मपाल आधी हसला होता. मग त्याने कोन गावच्या भंगारातून गंजलेली केबिन आणली, दुसरीकडून चेसिस आणली, आणि बघता बघता त्या कामाने दोघांना झपाटलं. आजवर दुसऱ्यांच्या गाड्यांना ठिगळं लावली, ही पहिली गाडी अख्खी त्यांच्या हातची. चेसिसचे दोन्ही चॅनल उघडे होते, ते पत्त्या मारून पेटीसारखे बंद करायचे होते. ते काम राघोचं. वेल्डिंग घासून गुळगुळीत करायचं नाही, टाके दिसले पाहिजेत, हा दर्शनचा हट्ट. राघोचे टाके होतेच तसे, मापून मांडल्यासारखे.

आणि आता त्या पेटीत हा डबा.

"राघो," धम्मपालने दुपारी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "चॅनल बंद करताना आत काय राहिलं नाही ना? पाना-बिना?"

"न्हाय दादा. काय राहनार?"

राघो बोलला खरा, पण मान खाली घालून, आणि घास तोंडात तसाच ठेवून. अकरा वर्षांत हा माणूस असा कधी बोलला नव्हता.

धम्मपालने न राहवून शेजारच्या प्रितमला सांगितलं. प्रितमचं स्पेअर पार्टचं दुकान, आणि तोंड चोवीस तास उघडं.

"अरे बाबा, गेल्या वर्षी त्या हायवेच्या गॅरेजवाल्याचं काय झालं? ट्रकला चोरखण केला कारागिराने, माल सापडला पोलिसांना, आणि आत गेला कोण? मालक! बोर्डावर नाव कोणाचं हाय? तुझंच ना?"

"राघो तसला नाही."

"अकरा वर्षांत त्याच्या पाड्यावर एकदा तरी गेलायस? चालला माणूस ओळखायला!"

गेला नव्हता, हे खरंच होतं. राघोनेच दर वर्षी बोलावलं होतं, आणि दर वर्षी काहीतरी काम निघालं होतं. त्या दिवसापासून धम्मपालला काही सुचेना. राघो फोनवर हळू बोलला की याचे कान टवकारायचे. राघो हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. रविवारी गाडी दर्शनकडे जाणार. तिच्यात गांजा निघो की चोरीचं सोनं, गॅरेजला टाळं लागणार आणि आपल्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर सुटणार.

गुरुवारी राघो भाच्याच्या साखरपुड्याला गावी गेला. धम्मपालने सकाळीच शटर अर्धं खाली ओढलं आणि ग्राइंडर हातात घेतला.

पत्ती कापायला दहा मिनिटं लागली. हात घालून त्याने डबा ओढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते स्क्रूड्रायव्हरने उचकटलं.

आत भाताची एक लोंबी होती, नव्या भाताची, लाल चिंधीत गुंडाळलेली. आणि वहीचं फाडलेलं पान. अक्षर लहान पोरीचं, राघोच्या रोशनीचं असणार, चौथीतली ती.

'देवा, हा ट्रक धम्मपालकाका आणि माझ्या बाबांनी बनवला. दोघांना सुखी ठेव.'

धम्मपाल डबा मांडीवर घेऊन टायरवर बसला. गॅरेजात देवाधर्माचं काही चालणार नाही, नारळ नाही, लिंबू नाही, हा त्याचाच नियम. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून त्यानेच पहिल्या दिवशी राघोला तो सांगितला होता. नव्या भाताची पहिली लोंबी देवाच्या नावाने ठेवायची राघोची रीत त्याला ठाऊक होती, तिच्यावरून त्याने राघोची थट्टाही केली होती. आणि आपण काय काय मनात आणलं! गांजा! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंडाला पाणी मारूनही चेहरा गरमच राहिला.

कागदाची घडी होती तशी घातली. डबा आत ठेवला, पत्ती बसवली, आणि स्वतःच वेल्डिंग केलं. कित्येक वर्षांनी हातात होल्डर घेतला होता. टाका वाकडातिकडा पडला, चिखलातून कोंबडी चालून गेल्यासारखा. घासून टाकावा तर दर्शनला घासलेलं नको. त्याने वरून काळा रंग मारला.

शुक्रवारी राघो आला. चहा प्यायला, साखरपुड्याच्या गमती सांगितल्या, आणि ब्रेकचा पाइप बांधायला गाडीखाली गेला. थोड्या वेळाने त्याचं गुणगुणणं थांबलं.

धम्मपालने वाकून पाहिलं. राघोचा अंगठा त्या टाक्यावरून हळूहळू फिरत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वेल्डरला आपला हात कळतो, आणि दुसऱ्याचाही कळतो.

"पत्ती जरा सुटली होती," धम्मपाल म्हणाला. "मीच मारली."

"हां," राघो म्हणाला.

दिवसभर तो नेहमीसारखा राबला, उलट जास्तच. धम्मपालने माफी मागायची तर आधी काय केलं ते बोलावं लागणार, आणि ते तर दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी राघोने हात धुतले, कपडे बदलले आणि पिशवी खांद्याला लावून निघाला. दारात धम्मपाल उभा होता. राघो त्याच्यासमोर थांबला. गोडाऊनांतून सुटलेली माणसं गेटवर वॉचमनपुढे करतात, तशी त्याने पिशवीची चेन उघडली आणि ती पुढे धरली.

"हे काय रे, राघो?"

"बघा, शेट."

दादा नाही. शेट.

"अरे, वेडा झालास का? जा घरी. रोशनी वाट बघत असेल."

राघो हलला नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. रस्त्यावरून कंटेनर जात होते, प्रितम दुकानातून मान लांब करून पाहत होता, आणि पिशवी तशीच उघडी होती.

शेवटी धम्मपालने खाली वाकून आत पाहिलं. जेवणाचा रिकामा डबा, टॉवेल, साखरपुड्याच्या लाडवांची पुडी.

"झालं?" राघोने विचारलं.

"झालं," धम्मपाल म्हणाला.

राघोने चेन लावली. पुडी मात्र चेन लावायच्या आधी त्याने बाहेर काढून धम्मपालच्या स्टुलावर ठेवली होती.