पूर्ववत स्वच्छ

"त्या खिळ्याला हात लावायचा नाही," आई म्हणाली. ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिच्या डोक्यावर, खिळ्याला, बाबांचं सन्मानपत्र होतं.

बाबांचा एक पाय स्टुलावर. साडेनऊ वाजले होते आणि अकराला आयोगापुढे त्यांची साक्ष होती.

"चाळीस वर्षं दर शनिवारी पुसतेय मी ती काच. हिला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी आधी ते वाचलं, मग पोरगी बघितली."

"म्हणूनच नेतोय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. धुतलं मीच ना?"

ती पोरगी म्हणजे मी, पण मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मी आईच्याच बाजूची होते. बाबा पालिकेच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, काम रस्ते धुण्याचं. मान ताठ करून दाखवावी अशी आमच्या घरात ही एकच वस्तू. मी वाचायला शिकले तीही त्यावरूनच. बाकीची मुलं दोन अक्षरी शब्दांशी झटत होती, तेव्हा मी 'अपवादात्मक परिस्थितीत' असं धडाधड म्हणून दाखवायचे. अर्थ कुणाला ठाऊक होता!

चाळीस वर्षांपूर्वी मुख्य चौकात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, हे सगळ्या शहराला माहीत होतं आणि एकाही कागदावर नव्हतं. जमाव शांतपणे पांगला, असं सरकार तेव्हापासून सांगत आलं. आता नव्या सरकारने चौकशी आयोग नेमला, तर पालिकेच्या त्या महिन्याच्या नोंदवह्याच गायब. ज्यांच्याकडे काही कागद असेल त्यांनी पुढे यावं, असं आयोगाने वर्तमानपत्रात छापलं. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि भिंतीकडे बघत बसले.

शेवटी आईच बाजूला सरकली. "तुम्हालाच धरतील," एवढंच बोलली.

बाबांनी चौकट काखेत घेतली. दारातल्या सगळ्यांच्या चपला वाकून जोडीने लावल्या आणि मग स्वतःच्या पायात सरकवल्या. ही त्यांची जुनी खोड. आम्ही त्यांना चप्पलमास्तर म्हणून चिडवायचो, ते हसायचे.

सभागृह गच्च भरलं होतं, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. साक्ष रेडिओवरून जात होती. अध्यक्षबाईंनी विचारलं, "गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय काम केलंत?"

"चौक धुतला."

"रोजच धुवायचात?"

"हो. रोज दोन टँकर लागायचे. त्या दिवशी नऊ लागले."

मागून कुणीतरी सणसणीत शिवी हासडली. बाबांनी मान वळवली नाही. माजी पोलीस अधिकाऱ्यांचे वकील उठले. "कागद आहे काही, की नुसत्या म्हाताऱ्याच्या आठवणी?"

"आहे." बाबांनी खिसे चाचपले. भांडणाच्या गडबडीत चष्मा घरीच राहिला होता. त्यांनी चौकट माझ्याकडे दिली. "तू वाच गं."

मला बघायची गरज नव्हती. "अपवादात्मक परिस्थितीत, मुख्य चौक सकाळी सातच्या आत पूर्ववत स्वच्छ करून दिल्याबद्दल..."

आणि मी अडकले. पूर्ववत. सातच्या आत. जन्मभर घोकलेलं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. पुढे तारीख होती, पालिकेचा शिक्का होता. तारीख मी मोठ्याने वाचली. बाबांचा भयंकर राग आला मला. शाळेतल्या एकेका मैत्रिणीला घरी आणून मी हे म्हणून दाखवलं होतं, आणि हा माणूस तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता.

वकील खाली बसले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, पण अध्यक्षबाईंनी अडवलं नाही.

"चौकात काही राहिलं होतं का हो?"

"चपला," बाबा म्हणाले. "गटाराच्या जाळीत अडकल्या होत्या. त्या काढल्याशिवाय पाणी उतरेना. मी हाताने काढल्या."

"किती?"

"तीन पोती."

"माझ्या भावाच्या निळ्या पट्ट्याच्या होत्या. नव्या होत्या."

बाबांनी हो म्हटलं असतं तर आजींना केवढा आधार वाटला असता. मला तर वाटलं, म्हणून टाका आता.

"नाही आठवत, ताई. मी जोड्या लावत बसलो होतो. मुकादम ओरडला, एवढा वेळ नाही. मग तशाच भरल्या." त्यांनी पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. "पोती कुठे पुरली ती जागा दाखवतो. उद्या चला."

आजी खाली बसल्या. आयोगाने चौकट ठेवून घेतली आणि मला पोच दिली.

घरी रेडिओ अजून चालू होता. भिंतीवर चौकटीएवढा चौकोन उजळ दिसत होता, मध्ये खिळा. बाबांनी चपला दारात कशाही सोडल्या, एक उपडी पडली, तरी ते तसेच आत जाऊन कॉटवर बसले.

आईने रेडिओ बंद केला. ती दाराशी गेली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली, उपडी चप्पल सुलटी केली आणि दुसरीच्या शेजारी नीट लावून ठेवली.