ढिम्म

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला मी मनातल्या मनात भोंगा म्हणतो. तोंडावर म्हणत नाही. तोंडावर म्हणायला थोडा तरी राग लागतो आणि तो माझ्याकडे शिल्लक नव्हता. हा माणूस भाषणं देऊन पोट भरतो. हॉल भाड्याने घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या आणि ज्यांचं नोकरीत, संसारात किंवा नुसतंच बरं चाललेलं नाही अशा लोकांना सांगायचं की दोष तुमच्या विचारांत आहे. लोक पैसे मोजून हे ऐकतात. घरी आई हेच फुकट सांगायची तेव्हा दार आपटून बाहेर पडायचे.

मी दात बनवतो. डॉक्टर मंडळी रुग्णाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात, आमच्या लॅबमध्ये आम्ही त्यावरून कवळ्या आणि कॅप तयार करतो. मेण, प्लास्टर, घासणी आणि रंग जुळवायची पट्टी. शेजारच्या दाताशी रंग जुळला नाही तर माणूस हसल्याबरोबर दिसतं.

मध्यंतरी मी आजारी पडलो. पायबीय मोडला असता तर लोक बघायला तरी आले असते. मी नुसता अंथरुणातून उठेनासा झालो. कामावर गेलोच तर मेण वितळवायच्या दिव्यासमोर बसून रडायचो. का, ते सांगता यायचं नाही. शेवटी बायको मला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनी मला उठवलं, हे मी नाकारत नाही. उठलो, आंघोळ करायला लागलो, कामाला लागलो. फक्त सगळं फिकं लागायचं. डॉक्टर म्हणाला, औषधाने होतं असं, बंद केलं की जाईल. पुढे त्याच्याच सांगण्याने मी गोळी हळूहळू कमी करत बंद केली. चक्कर गेली, झोप जागेवर आली, वाढलेलं वजन उतरलं. फिकेपणा मात्र मुक्कामालाच राहिला. उलट आणखी पसरला.

बायकोने हात धरला तर हात गरम आहे एवढं कळायचं. अंथरुणात मी तिच्याजवळ पाहुण्यासारखा असायचो, सभ्य आणि निघायच्या बेतात. मुलीने शाळेतून बक्षीस आणलं तर बक्षीस आणलं, हे कळायचं. एक जुना मित्र गेला. त्याच्या घरी जाऊन बसलो, त्यांच्या भिंतीला ओल आली आहे हे बघितलं आणि परत आलो. आनंद, भीती, माया, लाज, सगळी मंडळी उठून गेली होती. तुच्छता तेवढी घर धरून बसली. तिला जगायला फारसं काही लागत नाही. समोर माणूस असला की तिचं भागतं.

डॉक्टरकडे परत गेलो. त्याच्या तोंडावर कायम एक बेताचं हसू असतं, म्हणून त्याला मी मंदस्मित म्हणतो.

"औषध बंद होऊन वर्ष होत आलं," मंदस्मित म्हणाला. "शरीरात त्याचा कणही उरलेला नाही."

"मग हे काय आहे?"

"तुमचा मूळ आजार. दबून बसला होता, आता डोकं वर काढतोय."

"मूळ आजारात मी रडत होतो. आता रडायचं म्हटलं तरी येत नाही."

"आजार रूप बदलतो," तो म्हणाला आणि तीच गोळी पुन्हा लिहून दिली. ती मी घेतली नाही. एवढी वर्षं शिकून माणसाने काय कमावलं, तर समोरच्याचं ऐकून न घेता मान हलवायची कला.

गंमत म्हणजे असा मी सगळ्यांना आवडायला लागलो. लॅबच्या मालकाने चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे वळवले. कोणी कितीही शिव्या घातल्या तरी माझा आवाज चढत नाही याचं त्याला कौतुक. सासूबाई म्हणाल्या, "जावई पूर्वी किती तापट होते, आता देवमाणूस झाले." भोंग्याने तर मला स्थितप्रज्ञ ठरवून टाकलं. लोकांना माणूस नकोच असतो. त्यांना बसायला एक बरीशी खुर्ची हवी असते, ती न करकरता पेलली की झालं.

मग ठकीचा अपघात झाला. ठकी ही माझी मुलगी, चौदा वर्षांची. हे लाडाचं नाव तिला आता आवडत नाही. सायकलवरून शाळेतून येताना गाडीने मागून धक्का दिला आणि पडताना हँडल तिच्या पोटात घुसलं. मी इस्पितळात पोचलो तेव्हा बायको भिंतीला टेकून खाली बसली होती. भोंगा माझ्या आधीच पोचला होता आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा गळा काढून रडत होता. सर्जन बाहेर आला. प्लीहा फाटली आहे, आत रक्त साचतंय, लगेच पोट उघडावं लागेल, असं म्हणाला. मी तिचा रक्तगट सांगितला, सही केली, बायकोला उठवून बाकावर बसवलं, तिला पाणी आणून दिलं. सगळं अगदी व्यवस्थित. आणि सर्जन बोलत होता तो सगळा वेळ मी त्याच्या पुढच्या दाताकडे बघत होतो. कॅप बसवलेली होती आणि रंग चुकला होता. जरा पिवळा हवा होता. माझी पोरगी आत मरायला टेकली होती आणि मी मनात त्या दाताचा रंग दुरुस्त करत होतो.

ठकी वाचली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. काय धीर, काय धीर.

तिचे टाके निघाले आणि ती हिंडायफिरायला लागली, तेव्हा भोंगा घरी आला. "दाजी, रविवारी माझा कार्यक्रम आहे. विषयच आहे, संकटात मन कसं शांत ठेवावं. तुम्ही नुसते पहिल्या रांगेत बसा."

"मला बोलायचं नाही."

"बोलायचं नाहीच. बसायचं."

आम्ही तिघं गेलो. हॉल गच्च भरला होता. भोंगा पांढराशुभ्र सदरा घालून स्टेजवर येरझाऱ्या घालत होता. इस्पितळातली हकिगत त्याने अशी रंगवली की त्याचं स्वतःचं रडणं त्यातून गळालं आणि मला न सुचलेली दोन-तीन वाक्यं माझ्या तोंडी आली. बायका डोळे पुसायला लागल्या. मग त्याने ठरल्याच्या उलट खाली उतरून माझ्या हातात माईक दिला.

"दाजी, सांगा यांना. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?"

खोटं बोलायलासुद्धा जरा उत्साह लागतो. मी खरं ते सांगितलं. "मनात काही नव्हतं. हा धीर नाही. मी गोळ्या घेत होतो, त्या बंद केल्या आणि तेव्हापासून मला काही वाटत नाही. मुलगी मरेल असं सर्जन सांगत होता आणि मी त्याच्या दाताकडे बघत होतो. त्याच्या कॅपचा रंग चुकला होता."

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. मागचे उभे राहिले. भोंगा माईक परत घेऊन म्हणाला, "बघा, किती विनम्र. याला म्हणतात अलिप्त राहणं." समोर एक माणूस सांगतोय की आपल्या आतलं सगळं गेलं, आणि ही दोनशे माणसं त्याला दाद देत होती. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेलो. एकालाही ऐकू आलं नव्हतं.

एकटीला आलं होतं. ठकी पोटाचा पट्टा सावरत उठली आणि कोणाशी न बोलता बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर तिने खोलीचं दार लावून घेतलं. बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी म्हटलं, "मी बोलायला नको होतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तू माझ्या बोलण्यावर हसतोस, पण हसायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतोस. इथे हसायचं आहे का, म्हणून. आधी मला वाटलं, तुझ्या आयुष्यात कोणी दुसरी आली. मी तुझे खिसेसुद्धा तपासले." पुसलेली ताटली तिने पुन्हा पुसली. "दुसरी असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आजारी असताना मी घाबरून गेले होते. वाटलं, रडत नाहीये, जेवतोय, कामाला जातोय. एवढं पुरे समजावं. मीसुद्धा टाळ्याच वाजवत होते म्हण."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ठकी सरळ लॅबमध्ये आली. माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. मी एका म्हातारबुवांच्या कवळीचे दात मेणात बसवत होतो.

"मी मेले असते तर?"

"सगळं रीतसर केलं असतं. आईला सांभाळलं असतं."

"आणि तुला?"

"मला बहुतेक काही झालं नसतं."

तिने बराच वेळ त्या कवळीकडे बघितलं. "भिकार आहे हे."

"हो."

"माझ्या लहानपणापासून तू असाच आहेस का?"

"नाही. तुला पहिल्यांदा शाळेत सोडलं तेव्हा तू टाटा करून आत गेलीस आणि मी फाटकाबाहेर रडत उभा राहिलो. चौकीदाराने मला पाणी दिलं."

"हे तुला नुसतं आठवतं, की वाटतंसुद्धा?"

"आठवतं. वाटत नाही."

ती रडायला लागली. मी रुमाल दिला. तिने तो भिरकावून दिला आणि म्हणाली, "द्यायचा असतो म्हणून देऊ नकोस." त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

बायकोने मात्र हात पाय हलवले. कोणाकोणाला विचारून एक दुसरी डॉक्टर शोधून काढली. वयस्कर, सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर फायलींचा ढीग. मी मनात तिच्यासाठी नाव शोधायला लागलो होतो. तिने मला बोलू दिलं, मधे तोडलं नाही, आणि मी बोललो ते माझ्याच शब्दांत लिहून घेतलं.

"असं काही जणांना होतं," ती म्हणाली. "औषध थांबल्यावरही बधिरपणा राहतो. का राहतो ते नीट कळलेलं नाही. बाकीच्या तपासण्या करून घेऊ, दुसरं काही नाही ना ते बघू."

"किती दिवस राहील?"

"माहीत नाही. काहींचा हळूहळू उतरतो. तुमचा उतरेलच असं वचन मी देणार नाही. स्वतःच्या मनाने कुठली गोळी सुरू करू नका, आणि काहीही फरक पडला तर मला सांगा. वाईट पडला तरी."

तिच्यासाठी नाव सापडलं नाही. बाहेर येऊन बायको जिन्यात थांबली आणि म्हणाली, "पहिल्यांदा कोणीतरी माहीत नाही म्हणालं."

घरी आम्ही एक ठरवलं. नाटक बंद. मला हसू आलं नाही तर हसायचं नाही, आणि त्यांना माझा राग आला तर गिळायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात घर आधी फार उदास झालं. जेवताना कोणी बोलेना. एकदा बायको ताटावरून उठून गेली. भोंगा पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन आला तेव्हा मी नको म्हटलं. "दाजी, तुम्ही नकारात्मक होत चाललाय," तो म्हणाला. बायकोने सख्ख्या भावाच्या हातात त्याची चप्पल दिली आणि दार लावून घेतलं.

ठकी मग हळूहळू बोलायला लागली. परवा संध्याकाळी शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती, मी मधेच काहीतरी तिरकस बोललो आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती एकदम वाकली आणि टाक्यांच्या जागी हात दाबून धरला. मी तिच्याजवळ जाऊन पोचलो होतो. कधी उठलो ते मला कळलं नाही. माझ्या हातातला पेला खाली पडून पाणी सांडलं होतं.

"काही नाही, नुसती कळ आली," ती म्हणाली. मग माझ्याकडे बारकाईने बघत, "काय वाटलं तुला?"

मी शोधलं. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. छातीत काहीतरी होतं. ती भीती होती की चटकन उठल्याची धाप, सांगता येईना.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"काही नाही असं नाही म्हणालास."

"फार आशा लावू नकोस."

"नाही लावत," ती म्हणाली आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेली. मी पेला उचलला. त्याच्या काठाचा टवका उडाला होता.