मधला दिवा

चाकं धावपट्टीला टेकताक्षणी त्याने थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलला. उतरल्यावर वेग कमी करायचा नाही, वाढवायचा, ही इथली पहिली शिकवण. विमानवाहू जहाजावर उतरताना शेपटीखालचा हूक डेकवरच्या तारेत अडकलाच नाही, तर त्याच दमात पुन्हा उडता आलं पाहिजे. इथे तारही नव्हती आणि समुद्रही नव्हता. काँक्रीटवर पांढऱ्या रंगाने डेकएवढी जागा आखलेली होती आणि भोवती वाळकं गवत होतं. विमान उसळून वर गेलं आणि डावीकडे वळून पुन्हा फेरीवर आलं.

कानात आज आवाज नव्हता.

एरवी तिथे दादा असे. दादा म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ, आणि धावपट्टीच्या कडेला उभं राहून विमानं उतरवून घेणारा सिग्नल अधिकारी. तुकडीतही सगळे त्याला दादाच म्हणत. "थोडी पॉवर... बास. छान." पण दादाचा घसा बसला होता. त्याच्या जागी आलेल्या मॅडमनी उड्डाणाआधीच सांगून टाकलं होतं, "मी बोलणार नाही. दिव्यावर उतरायचं."

दिवा त्याला दिसत होता. कडेला हिरव्या दिव्यांची आडवी ओळ आणि तिच्या मधोमध एक पिवळा. पिवळा ओळीच्या वर दिसला तर विमान उंच आहे, खाली दिसला तर खाली. त्याला ओळीत धरून ठेवायचं आणि चाकं टेकेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. तो धरून होता. आणि अगदी शेवटी, सगळं जमत आलं असताना, सिग्नल अधिकाऱ्याच्या बटणावरचे लाल दिवे भडकले. उतरू नकोस, वर जा.

पुढच्या फेरीलाही तेच झालं. तिच्या पुढच्याही.

फेऱ्या संपल्या की सगळे वैमानिक खोलीत उभे राहत आणि सिग्नल अधिकारी प्रत्येकाची प्रत्येक फेरी सर्वांदेखत वाचून दाखवी. वैमानिकाने फक्त 'जी' म्हणायचं. सबब सांगायची नाही, वाद घालायचा नाही. आत बसलेल्याला जे कळत नाही ते बाहेर उभ्या असलेल्याला दिसतं, या एका विश्वासावर इथलं सगळं चाले.

"बगळा," मॅडमनी त्याचं तुकडीतलं नाव घेतलं. लांब मानेमुळे ते पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. "शेवटच्या क्षणी दिवा सोडून डेककडे बघता. नजर खाली गेली की हात खाली जातो आणि विमानाचं नाक पडतं. सगळ्या फेऱ्यांत."

"बगळा तो, मासा बघणारच," मागून कुणीतरी पुटपुटलं. दबलेलं हसू फुटलं.

तो हसला नाही. "हे याआधी कुणी सांगितलं नाही, मॅडम."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. इथे कुणी उत्तर देत नसे.

मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच त्याला बोचलं. "आजची सवय नाही ही. मुरलेली आहे. तुम्ही आजवर दिव्यावर उतरतच नव्हता. आवाजावर उतरत होता." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "उद्याच्या फेऱ्यांवरून जहाजावर कोण येणार ते ठरेल. उद्या दादा घेतील. मी सकाळीच जहाजावर जातेय. तिथे मीच उभी असेन, आणि तिथेही बोलणार नाही."

दादाचं घर शेजारच्याच ओळीत होतं. तो बूट न काढताच आत गेला. दादा गळ्याला मफलर गुंडाळून टेबलाशी बसला होता, समोर मिठाच्या गरम पाण्याचा पेला. बायको भावासाठी जेवण घेऊन आली होती. स्वयंपाकघरात तिचा भांड्यांचा आवाज चालू होता.

"मी डेक बघतो?"

दादाने पेला खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"म्हणजे बघतो."

"नवखे सगळेच बघतात रे." दादाच्या घशातून निम्माच आवाज बाहेर येत होता. "जाते सवय हळूहळू."

"जाईल कशी? मला माहीतच नाही तर?"

"तुझं नाक पडायच्या आधीच मी पॉवर सांगायचो. तू द्यायचास. नीट उतरायचास की!"

"मी नाही उतरायचो. तू उतरवायचास."

भांड्यांचा आवाज थांबला. बायको हात पुसत दारात आली. "त्याला बोलायला लावू नकोस, घसा दुखतोय त्याचा. मीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"सांभाळ म्हटलं. तू तिथे उभा असतोस ना दादा, मग सांभाळ त्याला. बहीण भावाला दुसरं काय सांगणार?"

"आणि डेकचं? तुला माहीत होतं?"

तिने हातातल्या फडक्याची घडी केली. मग ती घडी पुन्हा दुमडली. "दादा म्हणाला होता."

"कधी?"

"सुरुवातीलाच," ती म्हणाली. त्याला एक संध्याकाळ आठवली. सगळ्या फेऱ्या 'छान' ऐकून तो शीळ घालत घरी आला होता. "आता काय बाई, पाय जमिनीवर टेकायचे नाहीत कुणाचे," असं म्हणून ती हसली होती आणि तिने त्याच्या पानात आग्रहाने वाढलं होतं. तेव्हाही तिला माहीत होतं. आजाऱ्याच्या खोलीबाहेर घरची माणसं हळू आवाजात बोलतात, तसं ही दोघं त्याच्याविषयी बोलत आली होती. आणि तो आत पडून, आपण ठणठणीत आहोत असं समजत होता.

"केसाने गळा कापलात," तो म्हणाला. "दोघांनी मिळून."

"असं नको रे बोलू," दादा म्हणाला. "जहाजावर मीच असणार होतो. मी असताना तुला काही होऊ दिलं असतं का?"

"जहाजावर मॅडम आहेत. आज सांगितलं त्यांनी. त्या बोलणार नाहीत."

पेल्याकडे गेलेला दादाचा हात मध्येच थांबला. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मात्र दोघांच्या मध्ये उभा राहून ती नजर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं, वारा पडलेला. वळण पूर्ण करून तो धावपट्टीच्या रेषेत आला. खाली कडेला मफलर गुंडाळलेला एक ठिपका उभा होता.

"दिवा दिसतोय," त्याने नेहमीप्रमाणे कळवलं. मग म्हणाला, "आवाज नको, सर."

कानात खरखर झाली. मग घोगरं उत्तर, "ठीक."

पहिल्या फेरीला नाक पडलं, आणि ते पडलेलं त्याला पहिल्यांदाच कळलं. लाल दिवे लागले. दुसऱ्या फेरीलाही पडलं, थोडं कमी. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी नजर डेककडे ओढली जात होती. इतके दिवस ती अशीच जात असणार आणि आपल्याला पत्ता नसणार, याची त्याला त्या उंचीवरही लाज वाटली.

शेवटच्या फेरीला त्याने जबडा घट्ट आवळला. डेक जवळ येत होता, मोठा होत होता, बोलावत होता. त्याने पिवळा दिवा सोडला नाही. दिवा ओळीत होता, ओळीतच राहिला, आणि चाकं खाडकन टेकली. लाल दिवे लागले नाहीत. थ्रॉटल पुढे ढकलत वर जाताना मास्कच्या आत तो एकटाच हसला.

खोलीत दादा हळूहळू वाचत होता. एकेका वैमानिकाच्या डोळ्यांत बघून, त्याचा घोगरा शब्द पोचला की नाही याची खात्री करून, मग पुढच्याकडे. काल मासा म्हणून पुटपुटलेला आज पास झाला आणि त्याचे कान लाल झाले.

"बगळा. पहिली फेरी, डेक पाहिला. दुसरी, डेक पाहिला."

"जी."

"शेवटची." दादाने आवंढा गिळला. घसा दुखत असावा. "डेक पाहिला. जहाजावर नाही."

पाहिला नव्हता. याची त्याला खात्री होती. पण तशी खात्री तर त्याला गेले कित्येक महिने होतीच.

बाहेर जो उभा असतो त्याला दिसतं. बाहेर दादाशिवाय कुणी नव्हतं. सगळे 'जी'ची वाट बघत थांबले होते. त्याने मान वर करून दादाकडे पाहिलं. सबंध वाचनभर समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा दादा, 'नाही' म्हणताना, अगदी शेवटच्या क्षणी, खाली बघत होता.

"जी, सर," तो म्हणाला.