रादोयकाबाईंच्या सुनेच्या गोळ्या

अंगणातल्या चुलीवर लाल मिरच्या भाजल्या जात होत्या. थंडीसाठी आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या भरायच्या दिवसांत आमच्या सर्बियन गावात घरोघरी धूर निघतो, आणि धुराबरोबर चहाड्याही. रादोयकाबाईंचं लक्ष मात्र मिरच्यांवर नव्हतंच. सून तियाना पुन्हा संडासात गेली होती.

"खाते चिमणीएवढं, कोबीला हात लावत नाही, आणि सारखी कडी लावून आत! कुठंतरी पाणी मुरतंय," त्या पुटपुटल्या आणि थेट सुनेच्या खोलीत शिरल्या. दुसऱ्याचं कपाट उघडायची लाज? छे! मोज्यांखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. लग्नाला वर्ष उलटलं तरी पाळणा हलला नव्हता. बाईंना काय कळायचं ते कळलं.

तियाना अंगणात आली तेव्हा बाईंनी पाकीट चुलीवर धरलेलं होतं.

"मूल नको म्हणून घेतेस ना गं? माझ्या लेकाला, नेबोयशाला फसवतेस?"

तियाना पांढरीफटक पडली. "आई, द्या ते इकडे! माझ्या मोठ्या आतड्याला सूज आहे. गोळ्या थांबल्या की रक्त पडतं. मागे बरं वाटलं म्हणून सोडल्या, तर अंथरूण धरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आजार शांत राहू दे, मग खुशाल मूल होऊ दे."

"नेबोयशाला ठाऊक आहे?"

"आहे. तुम्हांला सांगू नको म्हणाला तोच. आणि माझी आई म्हणाली, लग्नाआधी तोंड उघडलंस तर कोण करून घेईल तुला?"

बाईंनी हात चुलीवरून मागे घेतला. मग कुंपणाकडे बघत त्या कुजबुजल्या, "असं करू. शेजारच्या ल्युबिंकानं विचारलं तर सांगू, दिवस गेलेत म्हणून सारखी संडासात पळते. आजाराचं नाव काढू नकोस. घराला बट्टा लागेल!"

काय म्हणावं या शहाणपणाला! नसलेलं मूल चालेल, असलेला आजार नको.

तियानानं पाकीट हिसकावलं आणि कुंपणाशी गेली.

"ल्युबिंकाकाकू! मला दिवस गेलेले नाहीत. आतड्याचा आजार आहे. तो कुणाला लागत नाही, औषधानं ताब्यात राहतो. आता सांगा गावभर!"

रादोयकाबाईंनी कपाळावर हात मारला. पलीकडे शेजारणीचा चिमटा हवेतच राहिला, चुलीवरची मिरची जळाली. मग ल्युबिंका कुंपणाला अगदी चिकटून उभी राहिली. आपल्या मुलीच्या खिडकीकडे तिनं एकदा वळून पाहिलं.

"आमच्या मिलेनालाही रक्त पडतंय गं, कधीपासून. तिचं लग्न ठरायचंय, म्हणून आम्ही... त्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांग. पण हळू सांग."

तियानानं नाव सांगितलं, चांगलं मोठ्यानं.