माझी सरळ बाजू कोणती?

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. निदान जन्मलो तेव्हा तरी कॅरम बोर्डच होतो. आता कोणी विचारलं, की बाबा तू कोण, तर मी गोंधळून जातो. माझ्या एका बाजूवर सोंगट्या धावतात आणि दुसऱ्या बाजूवर इंग्रजी वाक्यं लिहितात. यातली माझी सरळ बाजू कोणती आणि उलटी कोणती, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. माझी हकीकत सांगतो. तुम्हालाच काही उलगडा झाला तर बरं.

माझा जन्म देगलूरला शिवलिंग सुतारांच्या दुकानात झाला. चौकटीला लागलेलं सागवान किनवटकडून आलं होतं. शिवलिंगमामांनी मला इतकं घासलं, की शेवटी त्यांनी वरून तळहात फिरवला तेव्हा त्यांना स्वतःलाच हसू आलं. "माशी बसली तर घसरून पडंल," ते म्हणाले. चार कोपऱ्यांना सुतळीच्या जाळ्या विणल्या, मधोमध लाल गोल काढला आणि मला गावातल्या वाचनालयात पोचवलं.

ते माझे मानाचे दिवस होते. गणपतीत सामने व्हायचे, भीमजयंतीला व्हायचे. माझ्यावर बोरिक पावडर उधळली जायची आणि भोवती इतकी डोकी वाकायची, की दिव्याचा उजेड अडायचा. एखादी सोंगटी काठावर जाऊन थांबली, की सगळ्यांचा श्वास अडकायचा, आणि माझाही.

मग लोकांच्या हातात मोबाइल आले. भांडण झालं नाही, निरोप झाला नाही, फक्त माणसं यायची थांबली. मला वर्तमानपत्रांच्या कपाटामागे भिंतीला टेकवून उभं केलं. माझी काही चूक झाली होती का, हे मी त्या भिंतीला पुष्कळदा विचारलं. भिंतीने काही सांगितलं नाही.

एके दिवशी वाचनालयात धम्मानंद गुरुजी आले. खरं तर ते गुरुजी नव्हेत. आयुष्यभर टपाल खात्यात होते आणि पुस्तकं वाचत होते. निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवावं, असं त्यांच्या मनात आलं. पण बोलताना ते इतके लाजायचे, की वाक्याची शेवटची दोन अक्षरं तोंडातच राहायची.

"वर्ग घेतो म्हणतो मी, पण फळा...?" ते वाचनालयाचे शिपाई ग्यानोबा यांना म्हणाले.

ग्यानोबांनी कपाटामागे हात घालून मला ओढून काढलं. "ह्याची पाठ रिकामीच हाय की! काळा रंग मारतो. झाला फळा!"

मी गांगरलो. माझ्या पाठीला आजवर कोणी विचारलंही नव्हतं. तिच्या मधून एक आडवी पट्टी गेलेली आहे. गुरुजी पट्टीच्या वर प्रश्न लिहायचे आणि खाली उत्तर. माझं खेळाचं तोंड पुन्हा भिंतीकडे. म्हणजे मला बढती मिळाली होती की शिक्षा, सांगा!

वर्गात चौघे जण होते. इडलीचा गाडा चालवणाऱ्या कमलम्मा. पिकअप गाडी घेऊन बीदर-हैदराबादला जाणारे मलप्पा. दार उघडायला थांबावंच लागतं म्हणून बसलेले ग्यानोबा. आणि सिंधु. सिंधु दवाखान्यात आजारी माणसांजवळ बसण्याचं काम करायची. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. नवरा वारल्यापासून घरी कोणी नव्हतं, म्हणून तिची मुलगी दीपमाला उमरीला मामाकडे राहून शिकत होती. आई आणि लेक एकमेकींना सणासुदीलाच भेटायच्या.

हैदराबादच्या एका वृद्धाश्रमात सिंधुने अर्ज केला होता. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा वेळ चांगला जावा, त्यांना खेळवावं, बोलतं करावं, असं ते काम होतं. राहायला खोली मिळणार होती आणि शाळा जवळ होती. म्हणजे दीपमाला तिच्याजवळ राहिली असती. पण तिथली माणसं चार मुलखांची, म्हणून मुलाखत इंग्रजीत होणार होती, मोबाइलवर, येत्या रविवारी.

गुरुजींनी त्या आठवड्यासाठी मुद्दाम धडा निवडला: फावल्या वेळेतली करमणूक. त्यांच्या जुन्या पुस्तकात समुद्रात पोहणारी, बर्फावरून घसरणारी, होडीत बसून मासे पकडणारी माणसं होती. त्यांनी माझ्या पाठीवर एक होडी काढली. ती चपलेसारखी दिसत असावी, कारण मलप्पा म्हणाले, "गुरुजी, पायताण लई झकास काढलंय."

"बर्फावरून घसरायचं कामून?" कमलम्मांनी विचारलं. "अय्यो, कंबर मोडली तर इडल्या कोण लावणार?"

गुरुजींनी पट्टीच्या वर प्रश्न लिहिला: रिकाम्या वेळात तुम्ही काय करता?

 कमलम्मा जरा रागानेच म्हणाल्या, "मी रिकामी न्हाई बसत, गुरुजी. तांदूळ वाटते."

"मी गाडी धुतो," मलप्पा म्हणाले.

"मी झोपते," सिंधु म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, पाळी रात्रीची असली तरच. न्हाईतर लुगडी धुते."

ग्यानोबा तर घाबरलेच. "ते रिकामं-बिकामं फळ्यावर लिहू नका गुरुजी. सेक्रेटरीसाहेबांनी बघितलं तर म्हणतील, ग्यानोबा रिकामा हाय, काढा त्याला!"

आमच्याकडे ही गोष्ट अशीच आहे, मित्रांनो. बाईला रिकामी म्हणणं ही शिवी आहे आणि बाप्याला म्हटलं तर भांडण आहे. गुरुजी पुस्तकात पाहत राहिले. पुस्तकात सगळेच रिकामे होते आणि आनंदात होते. शेवटी त्यांनी पुस्तकातलीच वाक्यं पाठ करायला दिली. सिंधुने ती घोकून घोकून तोंडपाठ केली: रविवारी मी समुद्रात पोहायला जाते, आणि संध्याकाळी टेनिस खेळते.

आता खरी गंमत ऐका. वर्ग संपला, की गुरुजी छत्री उचलून कोणाकडेही न बघता निघून जायचे. ते कोपऱ्यावर वळले, की मलप्पा म्हणायचे, "गेले का? टाका खाली!" लगेच मला स्टुलावर आडवं केलं जायचं, खेळाची बाजू वर. ग्यानोबा कपाटातून सोंगट्यांचा डबा काढायचे.

किती वर्षांनी माझ्यावर पुन्हा पावडर पडली होती! आणि मी काय ऐकत होतो? वर्गात ज्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द निघत नव्हता, ती माणसं खेळताना इंग्रजीत भांडत होती.

"नॉट युअर टर्न! माय टर्न!" कमलम्मा ओरडायच्या.

"युअर हॅंड शेकिंग, अक्का!" मलप्पा चिडवायचे.

"शेकिंग-बिकिंग काय न्हाई! सिंधुम्मा, सांग की ह्याला!"

कमलम्मांचं मनगट थरथरतं. पहिल्या दिवशी त्यांचा स्ट्रायकर जागचा हलेना. सिंधुने त्यांच्या बोटावर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाली, "जोर नका लावू मावशी. नुसतं सोडून द्या." आठवड्याभरात कमलम्मा मलप्पांना हरवू लागल्या.

मला एकच कोडं पडायचं. थोड्या वेळापूर्वी माझ्या पाठीसमोर "मी रिकामी बसत नाही" म्हणणारी हीच माणसं, आणि आता माझ्या पोटावर खेळणारीही हीच. मग माझी कोणती बाजू खोटं बोलत होती?

एका संध्याकाळी गुरुजी छत्री विसरले आणि परत आले. मी आडवा होतो, खिडकी मला दिसत होती. आत हशा पिकला होता, कारण ग्यानोबांनी राणी घेतली होती आणि कव्हर चुकवलं होतं. गुरुजी खिडकीबाहेर थांबले. त्यांनी आत पाहिलं नाही, फक्त ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "माझ्यावरच हसून राहिलेत," ते हळूच पुटपुटले आणि छत्री तशीच सोडून निघून गेले.

मी लाकूड आहे. मला हाक मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज आणखी बारीक झाला होता. जाताना त्यांनी ग्यानोबांना सांगितलं, "सिंधुबाईंची मुलाखत होऊ द्या. मग वर्ग बंद करावा म्हणतो. मला काही शिकवता येत नाही." ग्यानोबांनी मान हलवली. तेवढंच. 

रविवार आला. सिंधु इस्त्रीची साडी नेसून आली होती. मोबाइल वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. गुरुजींनी तिने पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्या पाठीवर ठळक लिहिली आणि मला मोबाइलच्या मागे सिंधुसमोर उभं केलं, म्हणजे ती अडली तर वाचता यावं. हे बरोबर की चूक, असा प्रश्न त्यांना पडला असावा, कारण खडू ठेवताना ते दोनदा माझ्याकडे वळले. कमलम्मा माझा काठ धरून उभ्या होत्या. माझं तोंड भिंतीकडे, त्यामुळे मी नुसता ऐकत होतो.

हैदराबादच्या बाईंचा आवाज मायाळू होता. नाव झालं, गाव झालं, कामाचं झालं. मग त्यांनी विचारलं, "रविवारी तुम्ही काय करता?"

सिंधुने वाक्य धडाधड म्हटलं. समुद्रात पोहते.

बाईंनी विचारलं, "देगलूरला समुद्र आहे?"

 सिंधु पुढचं वाक्य वाचू लागली, संध्याकाळी टेनिस. ते अर्ध्यात तुटलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. गुरुजी पुसायला धावले, तर हातातलं फडकं खाली पडलं. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. पण खरं सांगा. इथे आल्यावर आमच्या आजी-आजोबांना तुम्ही काय खेळवणार?"

सिंधु "आय... आय..." एवढ्यावरच अडकली. आणि तिकडे उमरीत एक मुलगी वाट पाहत होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात कमलम्मांनी काय केलं असेल? त्यांनी काहीच विचार केला नसावा. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि गरकन फिरवलं. भिंत गेली आणि समोर सिंधु आली.

तिने माझ्याकडे पाहिलं. चार जाळ्या, लाल गोल, घासून घासून पांढुरके झालेले काठ. या बाजूला एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं. पण सिंधु वाचू लागली.

"वी प्ले कॅरम," ती म्हणाली. मग थांबली, आणि पुढचं तिचं तिलाच सुचत गेलं. तिचं इंग्रजी खडबडीत होतं. क्रियापदं मागेपुढे होत होती. पण तिने राणीचं सांगितलं, कव्हर चुकलं तर ती परत द्यावी लागते हे सांगितलं. एका मावशींचा हात थरथरतो, आधी त्यांना जमत नव्हतं, मी त्यांच्या बोटावर बोट ठेवलं, आता त्या ड्रायव्हरलासुद्धा हरवतात, हेही सांगितलं.

"वन टाइम ओन्ली!" मलप्पांनी कोपऱ्यातून हरकत घेतली.

"थ्री टाइम!" कमलम्मा माझ्यावरून ओरडल्या.

मोबाइलमधून हसू आलं. "आणि तुमचे गुरुजी? तेही खेळतात?"

सिंधुने गुरुजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग इंग्रजीतच म्हणाली, "नाही. ते फार चांगले आहेत. ते गेल्यावर आम्ही गुपचूप खेळतो. त्यांना वाटेल, आम्ही रिकामे आहोत, आम्हाला शिकायचं नाही. पण त्यांनी शिकवलेलं सगळं आम्ही खेळतानाच बोलतो."

गुरुजी दाराजवळ सरकून उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. मग पुन्हा पुसला.

काही दिवसांनी निरोप आला, सिंधुला कामावर घेतलं होतं. उमरीहून दीपमालाला घेऊन ती वाचनालयात आली. मलप्पांची गाडी सामानासह बाहेर उभी होती. कमलम्मांनी केळीच्या पानात इडल्या बांधून दिल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आता मी कुणाशी भांडू, गं?"

निघण्याआधी सिंधु म्हणाली, "गुरुजी, एक डाव."

"मला येत न... नाही," गुरुजी म्हणाले. या वेळी शेवटची अक्षरंही ऐकू आली. सिंधुने त्यांच्या बोटावर बोट ठेवलं. "जोर नका लावू. नुसतं सोडून द्या."

त्यांनी सोडला. स्ट्रायकर एकाही सोंगटीला न शिवता थेट जाळीत गेला. सगळे हसले. गुरुजी क्षणभर दचकले, मग तेही हसले, खिडकीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

वर्ग बंद झाला नाही. आता अर्धा वेळ माझी पाठ वर असते, अर्धा वेळ पोट. मागच्या आठवड्यात पट्टीच्या वर तोच जुना प्रश्न होता, रिकाम्या वेळात तुम्ही काय करता? खाली गुरुजींनी आधी स्वतःचंच उत्तर लिहिलं: मी हरतो.

सिंधु माझ्यामुळे गेली याचा मला आनंद आहे की दुःख, हे मला कळत नाही. माझ्या कोपऱ्यातली एक जाळी सुटली आहे आणि पाठीवरच्या रंगाचे पोपडे निघत आहेत. तेव्हा मित्रांनो, एवढीच विनंती. तुमच्या घरात, शाळेत, कपाटामागे कोणी भिंतीकडे तोंड करून उभं असेल, तर ते मोडीत काढण्याआधी एकदा फिरवून बघा. माणूस असला तर जरा हळू फिरवा. सरळ बाजू कोणती हे त्यालाही माहीत नसतं. कोणीतरी फिरवावं लागतं.